अडखळते इंजिन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्हीही गुंफावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हणून पाहिले. आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या असे भारदस्त विषय येथे मांडले. ज्या कोलकात्याने १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणावयास घेतला, त्याच कोलकात्यात आज आपण तिळगूळ वाटत सुखाने नांदतो, हे ऐकताना आम्हालाही गंमत वाटली. परंतु आमच्या गाठी तशी विद्वत्ता नाही. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे लिहिण्यात गेली. तेव्हा ज्या एका गोष्टीत आम्ही सपशेल फसलो आणि फसल्यामुळेच थोडेबहुत शिकलो, तीच आज सांगावी असे ठरविले. विषय आहे एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या अडखळणाऱ्या इंजिनाचा. ज्यांचा मोटारीशी संबंध नाही, त्यांनी कंटाळू नये. या हकिकतीत शिवणयंत्राचे तेल आणि घरखर्चाची वही यांनाही मानाचे स्थान आहे.

जुन्या सभासदांना ती मोटार आठवत असेल. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेले आपले काका गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी ज्या गडद हिरव्या, दोन आसनांच्या गाडीचे कापडी छप्पर मागे टाकून भवानीपूरभर हिंडत, तीच ही. तिचे नाव एम. जी. बी. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या मोटारींच्या पेढीवरून एम. जी. ही अक्षरे आली. एम. जी. बी. हा नमुना १९६२ साली बाजारात आला आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन येथील कारखान्यात तशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आज याच नावाच्या मोटारी गुजरातेत हालोल येथे निघतात. पण नाव तेवढे एक, घराणे निराळे. काकांची गाडी १९६५ सालची. येथील एका कंपनीतला इंग्रज साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला आणि दोन हात फिरून ती काकांकडे आली.

परदेशी गाडी कोलकात्यात इतकी वर्षे टिकली कशी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हुगळीच्या काठी उत्तरपाड्यात आहे. तेथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या आपल्या अॅम्बॅसेडरला पुष्कळ वर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवीत, ते आणि एम. जी. बी.चे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ही एकाच ब्रिटिश कुळातली चुलत भावंडे. म्हणून मल्लिक बाजारातल्या मिस्त्र्यांना ही गाडी कधी परकी वाटली नाही. काकांच्या गाडीची जोपासना तेथल्याच एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे होती. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. चाचांचे शिक्षण बेताचे, परंतु चाळीस वर्षे त्यांचे कान अॅम्बॅसेडरच्या इंजिनाला लागलेले.

२०२१ साली काका गेले. त्यानंतर चाचा दर पंधरवड्याला येत, गाडी सुरू करून पंधरा मिनिटे चालवीत, फडके मारीत आणि काकूंच्या हातचा चहा घेऊन जात. २०२४ च्या पावसाळ्यात गाडीचे दुखणे सुरू झाले. गार असताना ती बरी चाले. गरम झाली की उभ्या जागी इंजिन किंचित थरथरे आणि निघताना एक्सलेटरवर हळूच पाय ठेवावा, तर पुढे झेपावण्याऐवजी ती क्षणभर गचके खाई. आपले मिस्त्री याला मिसिंग म्हणतात. एके दिवशी हाजरा रोडच्या चौकात, मागे ट्रामची घंटा आणि बाजूला बस अशा स्थितीत ती अशी अडखळली, की शेजारी बसलेल्या काकूंचा जीव घाबरा झाला. परदेशी असलेल्या चिरंजीवांनी फोनवर सांगितले, “आई, वर्षअखेर तिचा निकाल लाव.” गिऱ्हाईकही आले. परंतु त्याला गाडी नको होती. दुसऱ्या एका गाडीसाठी तिचे सुटे भाग हवे होते.

काकूंनी आम्हाला बोलावून घेतले. “अरे, तू मोठा अधिकारी माणूस. एवढे बघ. चालती झाली तर ठेवीन, नाही तर देऊन टाकीन. पण तिचे तुकडे करून द्यायचे म्हटले की मला झोप लागत नाही.” आम्ही छाती फुगवून म्हणालो, “काकू, महिनाभरात चालती करून देतो.” येथून आमच्या चुकांना प्रारंभ झाला.

चुका सांगण्यापूर्वी इंजिनाला काय लागते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाची गरज साधी आहे. प्रमाणशीर हवा आणि पेट्रोल आत यावे, ते नीट दाबले जावे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडावी. यांतील एकात जरी उणे पडले, तरी वेगात असताना ते झाकून जाते. परंतु उभ्या जागी, मिनिटाला सातशे-आठशे फेरे एवढ्याच गतीने फिरताना इंजिनाजवळ शक्तीची शिल्लक नसते, म्हणून तेथे लहानसा दोषही थरथर होऊन प्रगटतो. आणि उभ्या स्थितीतून निघताना हवा, पेट्रोल व ठिणगीची वेळ ही तिन्ही एकदम बदलावी लागतात, म्हणून दुसरी परीक्षा तेथे होते. तेव्हा थरथर आणि अडखळणे ही रोगाची नावे नव्हेत, लक्षणे आहेत. ताप म्हणजे जसा एक रोग नव्हे, तसेच हे.

एम. जी. बी.ला एस. यू. जातीचे दोन कार्बोरेटर असतात. या यंत्राची कथा मनोरंजक आहे. स्किनर घराणे हे लंडनचे पादत्राणांचे व्यापारी. त्यांच्यातील हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास हा कार्बोरेटर कल्पिला आणि आरंभीच्या नमुन्यांत चक्क चामड्याचा भाता वापरला. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. इंजिन जितकी हवा ओढील, तितका हा पिस्टन वर उचलला जातो आणि त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून वर सरकून तितकेच पेट्रोल अधिक सोडते. पिस्टनच्या डोक्यावरील नळकांड्यात थोडे तेल असते. एक्सलेटर एकदम दाबला, तर हवा पेट्रोलच्या आधी धावत सुटते. त्या वेळी हे तेल पिस्टनला पटकन उठू देत नाही. त्यामुळे जेटवरून जाणाऱ्या हवेची ओढ वाढते आणि मिश्रण क्षणभर दाट होते. तेल नसले, किंवा फार पातळ असले, तर गाडी अडखळते. हे तेल कृपया ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आम्ही काय केले? गाडीचे बॉनेट उघडले. त्यात सर्वांत ठळक, चकचकीत आणि स्क्रूंनी भरलेली वस्तू म्हणजे ते दोन कार्बोरेटर. इंजिन नीट पेट्रोल घेत नाही, म्हणजे दोष पेट्रोल देणाऱ्याचा, असा आम्ही न्याय लावला. काकूंच्या बोलण्यात आले होते, की चाचांनी मध्यंतरी कार्बोरेटर उघडून साफ केले होते. झाले! आरोपी सापडला, पुरावाही सापडला. त्या रविवारी चाचा आले, तेव्हा वाड्यातल्या चार माणसांदेखत आम्ही त्यांना म्हणालो, “जिसने बिगाड़ा, उसी के हाथ में फिर नहीं देंगे.” चाचा काही बोलले नाहीत. गाडीची किल्ली त्यांनी ओट्यावर ठेवली, काकूंना सलाम केला आणि चहा न घेता ते निघून गेले.

श्रोतेहो, आम्ही नोकरीत पाच-सहा खातेनिहाय चौकशा केल्या आहेत. आरोपपत्र दिल्यावाचून, साक्ष घेतल्यावाचून आणि घटनांचा क्रम लावल्यावाचून कोणा शिपायालाही दोषी ठरवू नये, हे आम्ही आमच्या हाताखालच्यांना शिकवीत आलो. पण ती शिस्त कचेरीत खुंटीवर टांगून आम्ही घरी आलो होतो.

पुढील सहा आठवडे आम्ही गाडीशी जे केले, त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. पुस्तकात पाहून दोन्ही कार्बोरेटर खोलले, धुतले आणि परत बसविले. पिस्टनवर तेल हवे असे वाचले होते. हाताशी काकूंचे शिवणयंत्राचे तेल होते, तेच घातले. जेटखालच्या मिश्रणाच्या नटी फिरविल्या. त्या मुळात कोठे होत्या, याची खूण केली नाही. थरथर वाढली, म्हणून मिश्रण दाट केले. तेव्हा गाडी धूर ओकू लागली आणि वाड्यात पेट्रोलचा वास सुटला. मग एका नामांकित वर्कशॉपला गाडी दाखविली. त्यांनी पेट्रोलपंप बदलला, बिल दिले, आणि गाडी जशी गेली तशीच परत आली. आता ती निघताना अडखळे, एकदम पाय दाबला तर बंद पडे आणि उभ्या जागी तिचे आरसे असे थरथरत की त्यांत तोंड दिसू नये. एक दोष घेऊन आलेली गाडी आमच्या हातात तीन दोषांची झाली होती.

डोळे उघडले ते काकूंच्या वहीने. नोव्हेंबरात एके संध्याकाळी आम्ही खर्चाचा हिशेब द्यावयास गेलो असता काकूंनी आपली जमाखर्चाची वही काढली. त्यात पूर्वीच्या नोंदी होत्या. चाचांनी कार्बोरेटर साफ केल्याची मजुरी मार्चमध्ये दिलेली. एप्रिल, मे, जून या तिन्ही महिन्यांत पेट्रोल नेहमीइतकेच, आणि चाचांच्या प्रत्येक फेरीपुढे काकूंच्या अक्षरात ‘गाडी ठीक’ असा शेरा. पहिली तक्रार जुलैच्या मध्याची. म्हणजे चाचांच्या हातून गाडी सुटल्यावर ती साडेतीन-चार महिने उत्तम चालली होती. ही साधी तारीख आम्ही कोणालाच विचारली नव्हती. काकू वही मिटत म्हणाल्या, “मला वाटले, तू बघितलेच असशील.” आम्ही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मल्लिक बाजारात गेलो. शहरातल्या उरल्यासुरल्या पिवळ्या अॅम्बॅसेडर टॅक्सींपैकी एकीच्या बॉनेटमध्ये चाचांचे डोके होते. आम्ही उभे राहिलो. ते बाहेर आले, हात पुसले आणि आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही जे चार माणसांदेखत बोललो होतो, ते त्यांच्या चार शागिर्दांदेखत परत घेतले. हे करणे सोपे गेले, असे आम्ही म्हणणार नाही. चाचांनी सर्व ऐकले आणि एवढेच विचारले, “गाडी कैसी है?”

दोन दिवसांनी ते आले. आम्ही कार्बोरेटरविषयी सांगू लागताच त्यांनी हात वर केला. “साहब, पहले आग, फिर हवा, फिर तेल.” तेल म्हणजे त्यांच्या भाषेत पेट्रोल. प्रथम ठिणगी पाहावी, मग हवा, आणि कार्बोरेटर सर्वांत शेवटी. कारण कार्बोरेटर लावणे म्हणजे बाकी सर्व ठीक आहे असे धरून चालणे. बाकीच्यात दोष असेल, तर आपण त्या दोषाच्या मापाने कार्बोरेटर बिघडवून ठेवतो. आम्ही नेमके तेच केले होते.

त्यांनी चारही प्लग काढून ओळीने ओट्यावर मांडले. पहिले दोन काजळीने काळे, मागचे दोन पांढुरके. या इंजिनात पुढचा कार्बोरेटर पहिल्या दोन सिलिंडरना आणि मागचा शेवटच्या दोघांना पुरवितो. म्हणजे पुढे पेट्रोल जास्त आणि मागे हवा जास्त. हे प्लग आम्हीही दोनदा काढून पाहिले होते. परंतु ओळीने मांडले नव्हते. चाचांनी ते पाहिले, मान हलविली आणि क्रमाने कामाला लागले.

आधी इंजिनाची प्रकृती. दाब मोजला; चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखा भरला. टॅपेटांची फट गार इंजिनावर ०.०१५ इंच असावी लागते. एक घट्ट होते, ते सैल केले. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याचा जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकींना आधार होता. २००० सालापासून आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल आहे आणि ते प्रकृतीला हितकारकच आहे. परंतु अशा जुन्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून ही फट कमी होऊ शकते, म्हणून ती वरचेवर पाहावी.

मग आग. पॉइंट साफ करून त्यांची फट ०.०१५ इंच केली, प्लगची ०.०२५. कंडेन्सर बदलून पाहिला. फरक नाही, म्हणून जुनाच परत बसविला. ही गोष्ट आम्ही टिपून ठेवली. ज्याने गुण येत नाही, ते पूर्ववत करावे, नाही तर पुढे कशाने काय झाले हे कळत नाही. त्यानंतर चाचांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. डिस्ट्रिब्युटरला मागच्या कार्बोरेटरपासून एक बारीक नळी येते. हळूच एक्सलेटर दिला की तीतून हवा ओढली जाते, आतला पडदा हलतो, पॉइंटची चकती किंचित फिरते आणि ठिणगी थोडी आधी पडते. चाचांनी ती नळी काढली, तिचे तोंड चिकटपट्टीने बंद केले आणि हळूच रेस दिली. मिसिंग नाही. नळी लावली, रेस दिली. मिसिंग हजर! पुन्हा काढली, पुन्हा गेली. म्हणजे चकती हलली की दोष येतो, स्थिर राहिली की जातो. नळीला तोंड लावून ओढून पाहिले, पडदा शाबूत. तेव्हा उरले काय? कॉइलकडून पॉइंटकडे येणारी, चकतीबरोबर सतत वाकणारी एक बोटभर तार.

ती तार आम्हीही पाहिली होती. तिच्यावरचे वेष्टण अखंड होते. चाचांनी ती दोन बोटांत धरून हलकेच ताणली, आणि ती रबरासारखी लांबली. तांब्याची तार अशी लांबत नाही. आतले तंतू वर्षानुवर्षे वाकून तुटले होते. नुसते वेष्टण जोड असल्याचा आभास देत होते. चकती स्थिर असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत. ती फिरली की सुटत. जुलैपासूनचे अडखळणे या एवढ्याशा तारेचे होते, आणि ती मोडली ती केवळ वयाने. कोणाच्याही हातून नव्हे. चाचांनी लवचिक तारेचा नवा तुकडा डाख देऊन बसविला.

मग हवा. मागच्या कार्बोरेटरच्या सांध्यावर त्यांनी तेलाच्या पिचकारीने इंजिन-तेलाचे थेंब सोडले. थरथर क्षणभर थांबली आणि तेल आत ओढले जाताच परत आली. सांधा हवा खात होता. खोलून पाहतो तो आम्ही परत बसविलेले जुने गॅस्केट एका कोपऱ्यात फाटलेले. सुरुवातीची किंचित थरथर तार आणि घट्ट टॅपेट यांची असावी. पण आरसे हलविणारी ही थरथर आमची होती. ती झाकण्यासाठी आम्ही मिश्रण दाट केले, म्हणून पुढचे प्लग काळे झाले.

सर्वांत शेवटी तेल. पिस्टनवरील नळकांड्यातले पाण्यासारखे तेल पाहून चाचांनी वास घेतला आणि काकूंकडे वळून विचारले, “माँजी, मशीन का तेल किसने लिया?” काकू हसल्या. नव्हे, बऱ्याच दिवसांनी हसल्या. ते काढून २० दर्जाचे इंजिन-तेल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडावर अर्धा इंच येईल एवढे भरले. दोन्ही जेट वरपर्यंत नेऊन नटीच्या बारा कडा, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली उतरविले. ही आरंभाची जागा. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून सुसकाऱ्याचा आवाज सारखा केला. शेवटी एकेक पिस्टन किंचित, नखाच्या जाडीइतका उचलून पाहिला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर मिश्रण दाट. पडला, तर पातळ. आणि क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाला, तर योग्य. नटी एका वेळी एकच कड फिरवावयाची, अशी चाचांची शिस्त. पाऊण तासाने त्यांनी इंजिनाच्या झाकणावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी थरथरले, सांडले मात्र नाही.

आपल्यापैकी कित्येकांकडे जुनी फियाट, अॅम्बॅसेडर किंवा वडिलांची स्कूटर असेल. त्यांच्यासाठी या प्रकरणातून निघालेले चार नियम आम्ही आमच्या सरकारी सवयीने क्रमवार सांगतो. पहिला: दोष केव्हा सुरू झाला, गार असताना येतो की गरम, उभ्या जागी की निघताना, हळू पाय देता की एकदम, हे आधी वहीत लिहावे. दुसरा: आग, हवा, तेल हा क्रम मोडू नये. तिसरा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मूळ जागेची खूण करावी आणि गुण न आल्यास ती पूर्ववत करावी. चौथा: डोळ्यांना अखंड दिसणारी तार, नळी आणि गॅस्केट यांवर विश्वास ठेवू नये, हलवून, ताणून पाहावे.

यास एक पुरवणी जोडतो. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२२ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत आलेले हे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. धोरणाविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु १९६५ सालच्या रबराने इथेनॉल पाहिलेले नाही. ते अशा रबराला फुगविते किंवा ठिसूळ करते, हवेतले पाणी शोषून घेते, आणि त्याच्या घटनेतच प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ पडते. म्हणून आम्ही पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घातल्या, आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवणे सोडले.

आता शेवट. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करण्याची सोय झाली आहे. अशी गाडी रोजच्या वापरास नेता येत नाही. प्रदर्शन, शर्यतफेरी आणि देखभाल यांसाठी नेता येते. काकूंच्या गाडीची आम्ही तशी नोंदणी करविली. तेवढे कागदोपत्री काम तरी आम्हाला येते. गेल्या जानेवारीत आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचे उद्घाटन झाले, तेव्हा जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ती अंगणात उभी होती, हे आपण पाहिलेच. ती ढकलत आणलेली नव्हती. भवानीपूरहून चाचांनी ती चालवीत आणली आणि शेजारी काकू बसल्या होत्या. हाजरा रोडच्या त्याच चौकात सिग्नलला गाडी थांबली. आम्ही मागे टॅक्सीत होतो आणि आमचे सारे लक्ष तिच्या आरशाकडे. सिग्नल हिरवा झाला, आणि ती न अडखळता निघाली.

सुट्या भागांच्या गिऱ्हाइकाला काकूंनी नकार कळविला. पुढे काय करावयाचे, ते त्यांचे त्या ठरवतील; परंतु गाडी अखंडच जाईल आणि तिच्याबरोबर चाचांचा पत्ताही जाईल, असे त्यांनी चिरंजीवांना लिहिले आहे. चाचा पूर्वीप्रमाणे दर पंधरवड्याला येतात. चहा घेतात. आमचे ते शब्द त्यांनी पुन्हा कधी काढले नाहीत. आम्ही मात्र ते विसरलेलो नाही.

मंडळ पन्नास वर्षांचे झाले आहे. या वयात संस्थाही कधी कधी थरथरतात, कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि मग आपण चटकन म्हणतो, तरुणांना मराठीची आस्था उरली नाही. तसे असेलही. परंतु तो निर्णय शेवटी करावा. आधी आपल्यातल्याच जुन्या तारा एकदा ताणून पाहाव्यात. वरून वेष्टण अखंड दिसत असेल, आतून जोड आहे का, ते पाहावे. कित्येक वर्षांत ज्या घरी आपण गेलो नाही, तेथे आधी जाऊन यावे.

श्रोत्यांत शेवटच्या रांगेत चाचा बसले आहेत. त्यांना मराठी कळत नाही, म्हणून या भाषणाचा सारांश आम्ही काल त्यांना हिंदीतून सांगितला. ते म्हणाले, “साहब, तार वाली बात ठीक से समझाना.” ती समजली असेल, तर आमचे काम झाले.